भांडी वाजली का?

निरीक्षकाने भूकंपमापकाच्या नळकांड्यावरचा कागद सोडवून खिडकीच्या उजेडात धरला. रेघ कालच्यासारखीच सरळ. अडीच महिने जमीन ढिम्म हलली नव्हती. लोक देवाकडे पाऊस मागतात; हा गृहस्थ मनातल्या मनात भूकंप मागत होता. लहानसाच, भांडी वाजण्यापुरता.

धक्का बसला की आसपासच्या गावांतल्या ठरलेल्या माणसांना फोन करून ठरलेले प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. डोंगरापलीकडच्या गावासाठी यादीत शाळेतल्या बाई होत्या, म्हणजे त्याचीच मुलगी. तिच्या लग्नावरून बिनसलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं व्हायचं ते धक्का बसला तरच. ती ‘साहेब’ म्हणायची, तो ‘बाई’.

जमीन का हलते, असं तिने लहानपणी विचारलं तेव्हा त्याने दोन मुठी एकमेकींवर दाबून दाखवल्या होत्या. खडक अडून बसतात, कुणीच सरकत नाही, ताण साठत जातो आणि एक दिवस सुटतो.

“मग आधीच थोडं थोडं का नाही सरकत?” तिने विचारलं होतं. 

आज रविवार, ती घरी असणार. फार आठवण येत होती. त्याने कोरा फॉर्म पुढे ओढला आणि फोन लावला.

“बाई, केंद्रातून बोलतोय. सकाळी साडेदहाला धक्का जाणवला का?”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“हो, साहेब.”

त्याने समोरच्या सरळ रेघेकडे पाहिलं. साडेदहाला कुठेच काही हललं नव्हतं.

“भांडी वाजली?”

“वाजली की.”

“टांगलेल्या वस्तू?”

“दिवा हलला. बराच वेळ हलत होता.”

“कुणी घाबरलं?”

“घाबरले नाही. वाटच बघत होते.”

 फॉर्मवर अजून एकही अक्षर उमटलं नव्हतं.

“साहेब, मागून छोटे धक्के येतात ना?”

“येतात. काही दिवस येत राहतात.”

“उद्या येईल?”

“येईल.”

“किती वाजता?”

भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, हे तो सव्वीस वर्षं येईल त्याला ऐकवत आला होता.

“तुझी शाळा कितीला सुटते?” त्याने विचारलं.