निळ्या झाकणाचा डबा

टोरुन आमच्या संस्थेची संचालक झाली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत ती तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत चारदासुद्धा फिरकली नसेल. त्याआधी वीस वर्षं आम्ही एकाच बाकावर राबलो. ती शास्त्रज्ञ, मी तिचा तंत्रज्ञ. बर्फाखाली राय नावाचं धान्य कसं तग धरतं, याचं उत्तर तिने पानांतल्या एका प्रथिनात शोधलं. त्यावर तिचं नाव झालं आणि त्या नावावर खुर्ची मिळाली.

गेल्या सोमवारी मात्र ती धापा टाकत खाली आली. "सिग्वे, माझा डबा कुठाय? निळ्या झाकणाचा. मूळ नमुने, बियाणं, सगळं त्यातच आहे."

माझ्या हातातला पाव हातातच राहिला.

"जर्मनीतल्या दोघा शास्त्रज्ञांना ते प्रथिन सापडत नाहीये," ती म्हणाली. "मी खोटं केलं असं म्हणत नाहीत, पण सभ्य भाषेत तेच. नियतकालिकाने कळवलंय, शुक्रवारपर्यंत नमुने द्या, नाहीतर निबंध मागे घ्या. अरे, बघतोस काय? दे ना डबा!"

"डबा नाहीये. एप्रिलच्या दुग्नादला गेला."

दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट राबायचा दिवस. जो येत नाही तो वर्षभर लोकांच्या डोळ्यांत खुपतो. टोरुन त्या दिवशी ऑस्लोला मंत्रालयात होती. आमच्यासाठी तिने वॅफल्सचं पीठ आणि जॅम धाडला होता. वीज वाचवायला एक फ्रीझर बंद करायचा होता. त्याच्या दारावरच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याचा डबा बाद, असा नियम. टोरुनने आपलं नाव संचालक होताना स्वतःच काढायला लावलं होतं. नोटीस महिनाभर फ्रीझरवर चिकटवलेली होती.

"कुणाच्या सहीने?"

"तुझ्याच."

ती खाली बसली, फरशीवर. मग उठली आणि उरलेले फ्रीझर उपसायला लागली. हातमोजे घाल म्हटलं तरी ऐकेना. बोटं पांढरीफटक पडली. दुपारी एका जुन्या खणात तिला कागदी पाकीट सापडलं. आत त्याच वाणाचे अकरा दाणे होते. एक जरी उगवला असता, तरी मुदत मागता आली असती. आम्ही ते ओल्या कागदावर ठेवले. मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. ती दर तासाला येऊन झाकण उचलायची. मला बघवत नव्हतं. गुरुवारी दाण्यांवर बुरशी आली.

शुक्रवारी सकाळी ती निबंध मागे घेण्याचं पत्र घेऊन खाली आली. डोळे सुजले होते.

"एक सांग," ती म्हणाली. "डब्यावर माझं अक्षर होतं. एवढ्या माणसांत कुणीच ओळखलं नाही?"

गप्प राहता आलं असतं.

"मी ओळखलं."

"मग?"

"तू खाली येशील म्हणून थांबलो. महिनाभर. तुझा राग होता गं मला. म्हटलं, तिला आपलं काही वाटत असेल तर येईल ना दुग्नादला. नाही आलीस. मग मीच टाकला कचऱ्याच्या भट्टीत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन जिने चढून सांगायचंस रे," ती म्हणाली. पत्र बाकावर ठेवत म्हणाली, "आणि मी वॅफल्स धाडले."

तिने सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. पत्रावर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात. त्या निबंधावर दोनच नावं होती. तंत्रज्ञाचं नाव कशाला, म्हणून तेव्हा वरचे सगळे तिच्यावर उखडले होते. सिग्वेचं नाव नसेल तर माझंही नको, असं म्हणून तिने ते घातलं होतं.

आमचा शोध खरा होता. तो मागे घेतो असं लिहिलेल्या ओळीखाली, तिच्या सहीशेजारी, मी सही केली.