मौनाची वेळ

सुनेने बाटलीतलं सगळं पाणी भिंगरीच्या कपाळावर ओतलं आणि रुमालाची घडी जखमेवर दाबून धरली. घडी बघता बघता लाल झाली. मागे झोपाळा अजून हलत होता. त्यावरून उतरलेली कुणाची तरी मोठी मुलगी हुंदके देत म्हणत होती, "मी मुद्दाम नाही केलं. ती एकदम मागून आली."

"नाही गं, तुझं काही चुकलं नाही. रडू नकोस तू," सून तिला म्हणाली आणि मान न वळवताच तिने हात मागे केला. "आई, तुमचा रुमाल द्या. लवकर."

आजींनी दिला. ओठ मिटलेलेच होते.

मुलगा गाडी लावून फाटकातून आत येत होता. ही धावपळ पाहून तो पळतच आला. त्याने भिंगरीला उचललं, सुनेने कुंपणाशी हात पुसत उभ्या असलेल्या धाकट्या गोट्याला कडेवर घेतलं, आणि रविवारची बाग, खाऊची पिशवी, पसरलेली चटई सगळं तिथेच टाकून ते निघाले. पिशवी नंतर आजींनीच उचलली. बाकाकडे त्यांनी पाहिलं नाही. तिथे ती जुन्या ओळखीची शिवणवाली अजून बसलेली असणार.

आजींचा नेम घरात सगळ्यांना ठाऊक होता. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मौन, आणि ते सुटायचं घरी परतून प्रार्थना झाल्यावर. सून नवीन होती तेव्हा एकदा आजींच्या बोलण्याने ती ताटावरून उठून गेली होती. त्या रात्री आजींना झोप लागली नाही, आणि सकाळी त्यांनी हा नेम घेतला. जीभ ताब्यात यावी, एवढंच मागणं होतं. तेव्हापासून बागेत त्या गप्प बसत. नातीला बोलवायचं असलं की टाळी वाजवत. भिंगरी कुठेही असली तरी टाळीसरशी गर्रकन वळायची. मुलगा मित्रांना कौतुकाने सांगायचा, "आमची आई टाळीवर घर चालवते."

आज टाळी वाजली नव्हती.

जुन्या घराशेजारी राहणारी शिवणवाली बागेत कितीतरी दिवसांनी भेटली होती. "अगंबाई, तुम्ही इकडे कुठे?" म्हणत बाकावर टेकली. आजींनी हसून ओठांवर बोट ठेवलं. पण तिने विचारलं, "सून काय म्हणते हो? नांदतेय ना नीट?" आणि आजींचं बोट खाली आलं. एका वाक्याने काय बिघडतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग वाक्याला वाक्य लागत गेलं. नीट ऐकू यावं म्हणून त्या शिवणवालीकडे वळून बसल्या, आणि झोपाळा त्यांच्या पाठीमागे गेला.

दवाखान्यात गर्दी होती. भिंगरीचं रक्त पाहून त्यांना आधी आत घेतलं. टाके घालताना एकालाच थांबता येईल, असं नर्स म्हणाली, तेव्हा मुलगा थांबला. सून गोट्याला घेऊन बाहेर आजींच्या शेजारी येऊन बसली. आतून भिंगरीची किंकाळी आली तशी तिने डोळे गच्च मिटले.

"तुमच्यासमोर झालं ना आई हे?" ती एकदम म्हणाली. "मी याचे हात धुवायला गेले तेवढ्यात. तुमच्या डोळ्यांदेखत ती झोपाळ्यामागे गेली. एक हाक मारली असती तर काय देव कोपला असता?"

आजी हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. समोरच्या बाकावरच्या बाईने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आता सांगावं. एवढंच म्हणायचं, की मी पाहतच नव्हते. गाडीत बसतानाच म्हणायला हवं होतं. पण गाडीत मुलाने आरशातून पाहून म्हटलं होतं, "आई, तू घाबरू नकोस. तुझं मौन आहे, माहितीये मला. तू काय करणार होतीस?" त्याने ते इतक्या मायेने म्हटलं, की आजी त्याच्या आडोशाला जाऊन बसल्या. आता बाहेर येणं अवघड झालं होतं. मनातल्या मनात त्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, पण ते दर वेळी अर्ध्यावरच तुटत होतं.

सुनेचा श्वास हळूहळू खाली बसला. गोट्या तिच्या खांद्यावर झोपला होता. तिने त्याची लाळ आपल्या बाहीला पुसली.

"रागावू नका आई," ती हळू आवाजात म्हणाली. "तोंडाला येईल ते बोलले मी. तुमचा नेम ठाऊक असून मीच तिला सोडून गेले. टाळी तर वाजवलीच असणार तुम्ही. त्या गोंगाटात तिला कुठली ऐकू येणार?"

आजींनी मान खाली घातली. सुनेला तो होकार वाटला असावा. तिने आजींच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला. आजींना तो हलवताही येईना आणि सोसवेनाही.

दार उघडलं. भिंगरी बाबाच्या कडेवरून बाहेर आली. कपाळावर मोठी पांढरी पट्टी, गाल रडून सुजलेले.

"शूर आहे हो आमची," मुलगा म्हणाला. "डॉक्टरांना म्हणाली, मलाच का टोचता, झोपाळ्याला टोचा."

सून रडता रडता हसली. "तू झोपाळ्याच्या मागे कशाला गेलीस गं सोन्या?"

"आजीला फूल दाखवायला. मी म्हटलं, आजी बघ. ती बघतच नव्हती. त्या काकूंशी बोलत होती."

"कुठल्या काकूंशी?"

"बाकावरच्या. खूप बोलत होती आजी."

मुलाने तिला खाली उतरवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "भिंगरी, लागलंय म्हणून आपलं खापर दुसऱ्यावर फोडायचं नाही. आजी संध्याकाळी बोलत नाही. घरी परतल्यावर तरी प्रार्थनेआधी कधी बोलते का?"

"पण बोलत होती!"

"जाऊ द्या हो, दुखतंय तिला," सून म्हणाली.

"दुखतंय म्हणून खोटं बोलायचं का? आजीला किती वाईट वाटत असेल. सॉरी म्हण आधी."

भिंगरीने आजींकडे पाहिलं. त्या काहीतरी म्हणतील म्हणून थोडा वेळ पाहत राहिली. मग तिचा खालचा ओठ पुढे आला, तिने बोटाने पट्टी चाचपली आणि जमिनीकडे बघत पुटपुटली, "सॉरी आजी."

"ती खरं सांगतेय."

आवाज घोगरा, फुटका निघाला. मुलाने आधी वळून दाराकडे पाहिलं, जणू तिसरंच कुणी बोललं.

"मी बोलत होते," आजी म्हणाल्या. "आपली जुनी शिवणवाली भेटली. माझी झोपाळ्याकडे पाठ होती. टाळी नाही वाजवली मी."

मुलगा उभा राहिला. मग त्याने भिंगरीला उचललं, तिच्या केसांवर ओठ टेकले आणि "गाडी दाराशी आणतो" एवढंच म्हणून तो तिला घेऊन बाहेर गेला.

सून जागची हलली नव्हती. गुडघ्यावरचा हात मात्र आता तिच्या स्वतःच्या मांडीवर होता.

"एवढं काय बोलत होतात?" तिने विचारलं.

आता काहीही सांगता आलं असतं. शिवणवालीची गुडघेदुखी, जुन्या घराचं भाडं.

"तुझ्याबद्दल," आजी म्हणाल्या. "म्हणत होते, हिचं मुलांकडे लक्षच नसतं."

औषधांच्या खिडकीतून भिंगरीचं नाव पुकारलं गेलं. सून उठली. गोट्याला खांद्यावर सावरत ती खिडकीपर्यंत गेली, तिथल्या रांगेकडे तिने पाहिलं आणि तशीच परत आली. झोपलेलं पोर तिने आजींच्या मांडीवर ठेवलं.

"उठला तर बोला त्याच्याशी," ती म्हणाली. "नुसत्या बसून राहू नका."

आजींनी मान हलवली. मग लक्षात येऊन म्हणाल्या, "बरं."