चिंचेआडचा माणूस

माझ्या सासूबाई, रंभाबाई, दूधवाल्यावरही संशय घेतात. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला की तो भिंतीकडे का बघत होता, असं मला विचारतात. तेव्हा समोरच्या चिंचेखाली पांढरी गाडी लावून एक तरुण दिवस दिवस बसायला लागला, तर आमच्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको. पण खरं सांगते, या वेळी मलाही तो माणूस धड वाटला नाही.

आमचं घर ओवे गावाजवळ, रस्त्याच्या वळणावर, तेही वळणाच्या बाहेरच्या अंगाला. कळंबोलीहून लोखंड भरून निघालेले ट्रेलर सरळ रस्त्यावर वेग घेतात आणि वळण तोंडावर आल्यावर ब्रेक मारतात. मग मागचं ते लांबलचक धूड आमच्या अंगणाकडे फेकलं जातं. एकाने कुंपण पाडलं, दुसऱ्याने तुळशीवृंदावन. आता मधे उरलीय ती फक्त घराची भिंत, आणि त्या भिंतीला लागून माझी लेक, पूर्वी, झोपते. माझ्या नवऱ्याने, धनेशने, रस्त्याच्या ऑफिसात जाऊन लोखंडी कठडा मागितला होता. बघायला माणूस पाठवतो, म्हणाले. वर्ष उलटलं, कुणी फिरकलं नाही. आम्ही नाद सोडला.

आणि आता हा. चिंचेच्या बुंध्याआड उभा राहायचा, हातात केस वाळवायच्या मशीनसारखं काहीतरी. ते येणाऱ्या गाडीवर रोखायचा, मग मोबाइलमध्ये टिपायचा. न राहवून मी विचारायला गेले.

"काय काम चाललंय तुमचं?"

"काही नाही ताई, असंच," तो म्हणाला आणि मशीन पाठीमागे लपवलं. शार्दूल म्हणे नाव. आडनाव सांगितलं नाही, ऑफिस सांगितलं नाही. उन्हातान्हात घाम गाळत कोणी असंच उभं राहतं का? माझं डोकंच फिरलं.

"शेत गेला तवा पन असाच एक येऊन बसलेला," सासूबाई म्हणाल्या. "ग्वाड बोलायचा. खाडीकडची जमीन गेली तवा पन तसाच. पयले मोजतान, मंग नेतान."

धनेश टेम्पो चालवतो, त्याने लांबूनच ओळखलं. "आये, ती स्पीड गन हाय. गाड्या किती जोरात जातान ते बगतंय तो."

रात्रीचं जेवण होईपर्यंत सासूबाईंनी सगळा हिशोब जुळवला होता. गाड्या जोरात जातात असं दिसलं की हे लोक वळण काढून टाकणार, रस्ता सरळ करणार. आणि रस्ता सरळ केला की तो जाणार कुठून? आमच्या ओटीवरून. गाड्या हळू गेल्या तर वळण राहील, वळण राहिलं तर घर राहील. मी खूप शोधलं, पण यात मला खोट सापडली नाही.

सासूबाई वळणाच्या अलीकडे रस्त्याकडेला सुकी मासळी विकतात. दुसऱ्या दिवशी त्या सोडे आणि बोंबील मांडून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात वर करून, पंजा खाली दाबून दाखवू लागल्या. पुढे पोलीस आहे, सावकाश, एवढं कुठल्याही ड्रायव्हरला त्यातून कळतं. समोरून येणारे हेडलाइटचा डिपर मारून एकमेकांना सांगू लागले. धनेशने कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर ओळखीच्या ड्रायव्हरांच्या कानावर घातलं. मग काय, एरवी घर हलवत जाणारे ट्रेलर नवी सून उंबरठा ओलांडते तसे वळणावरून जाऊ लागले. शार्दूल मशीन झटकून झटकून बघायचा. सासूबाई पदराआड हसायच्या, आणि मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ आमच्या घरात आधी कधी जमलं नव्हतं.

काम आटोपल्यावर तो आपणहून अंगणात आला, पाणी मागितलं.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "कठड्यासाठी तुमचाच अर्ज होता ना? त्यासाठीच आलो होतो. मोजतोय हे कळलं की लोक मुद्दाम हळू चालवतात, म्हणून बोललो नाही. पण आनंदाची गोष्ट आहे. इतकं शिस्तीचं वळण मी पाहिलं नाही. कठड्याची गरजच नाही इथे."

मी पाण्याचा तांब्या ओटीवर ठेवून दिला.

"आन रस्ता सरळ करनार ना तुमी?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! तसं कुणाच्या मनातही नाही."

सासूबाई ओटीवरून उतरल्या. "आरं पोरा, त्या गाड्या आमी हळू केल्या. मी हात दाखवत व्हते. परत मोज."

शार्दूल आमच्याकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखली, कारण इतके दिवस तीच नजर आम्ही त्याच्यावर रोखली होती.

"मावशी," तो हसून म्हणाला, "कठडा नाही म्हटल्यावर आठवलं का हे?"

मी शपथा घेतल्या, धनेशला फोन लावून दिला. शार्दूलने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि गाडीत बसला. त्याने एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. मला त्याचा संताप आला, आमचा त्याहून जास्त.

त्या रात्री लेकीची गादी आम्ही स्वयंपाकघरात घातली.

सकाळी सासूबाई मासळी न मांडताच वळणाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पहिला ट्रेलर आला, त्यांनी हात वर केला. त्याने ब्रेक मारला, चिंचेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. "काय म्हातारे, रोज रोज उल्लू बनवते काय!" म्हणून तो ओरडला आणि गेला. पुढच्याने वेग थोडा कमी केला. दुपारनंतर एकही हळू होईना. टर्मिनलवर बोभाटा झाला होता, ओव्याच्या वळणावर पोलीसबिलीस कोणी नसतं, एक म्हातारी उगाच हात दाखवते.

मी त्यांना घरात न्यायला गेले. त्यांनी माझा हात झटकला. समोरून लोखंडाचा ट्रेलर वेगात येत होता, आणि त्या पंजा खाली दाबत म्हणत होत्या, "हळू रं बाबा, या टायमाला खरंच धोका हाय."