रिकामं ताट

लुदोमिरची काटकसर अशी, की चहाची पिशवी तो दोनदा बुडवी आणि तिसऱ्यांदा तिच्याकडे आशेने बघे. पोलंडमधल्या ग्लिवित्सेतल्या छोट्या कंपनीत तो कंपायलर लिही, म्हणजे माणसाचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, दुसऱ्याला कामाला बोलवायचं तर विंडोजची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी. विंडोजवर बोलावणाऱ्याने येणाऱ्यासाठी मेमरीत थोडी जागा रिकामी सोडायची. तो वापरो न वापरो. लिनक्सवर ही भानगड नाही. लुदोमिरला ती उधळपट्टी वाटली आणि त्याने ती जागा छाटून टाकली.

नाताळच्या आदल्या दुपारी त्याच्या कंपायलरमधून निघालेला तारांगणाचा प्रोग्राम लिनक्सवर सुरळीत चालत होता. विंडोजवर मात्र शनी उगवला की प्रोग्राम कोसळायचा.

"बाकीचे ग्रह नीट फिरतात, बोग्ना. फक्त शनीच."

"मग शनीची शांत कर," त्याची साहेबीण बोग्ना म्हणाली. "आज हे गेलं नाही तर काम दुसऱ्यांकडे जाईल. तोवर कोटाला हात लावायचा नाही."

तिकडच्या रीतीप्रमाणे त्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की सासूबाई जेवायला बसणार, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जादा मांडणार. गेल्या वर्षी तो उशिरा पोचला, तेव्हा वाट्याला कार्प माशाचं नुसतं शेपूट आलं होतं. इतक्यात त्यांचाच फोन.

"जावईबापू, निघालात का?"

"निघतोच, आई."

"शेजारच्या झ्जिस्वावांकडची शेगडी बिघडली. त्यांना बसवलंय जादाच्या ताटावर. दरवर्षी म्हणता ना, कोणी येत नाही, कशाला मांडता? तुमचं ऐकलं असतं तर आज ते तुमच्याच ताटात जेवले असते!"

लुदोमिरने फोन कानाला धरूनच शनीचं फंक्शन उघडलं. इतर ग्रहांची फंक्शनं ती जागा वापरतच नव्हती. शनीचं वापरत होतं, आणि जागा न सापडल्याने बोलावणाऱ्याच्याच सामानावर बसत होतं.

"आई, तुमचे पाय कुठेत?"

"टेबलाखाली. का?"

त्याने छाटलेली जागा परत घातली. शनी कड्यांसकट डौलात फिरला. "कोट घाल," बोग्ना म्हणाली, "आणि माझ्या सणाची वाट लावल्याबद्दल चहाची नवी पिशवी आण."

तो पोचला तेव्हा तारा नुकताच दिसला होता. झ्जिस्वाव बिटाचं सार फुंकत होते. लुदोमिर बसला नाही. सरळ कपाटाकडे गेला आणि आणखी एक ताट काढून टेबलावर मांडलं.

"आता हे कुणासाठी?" सासूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण राहू द्या. आणि कार्पचं पोट मला."