चार साड्यांचं पातेलं

मी एक पातेलं. स्टीलचं, जाड बुडाचं, घरातलं सकाळचं सगळं दूध मावेल एवढ्या पोटाचं. कढईला कान असतात म्हणून ती ऐकून घेते. मला नुसतं तोंड आहे, म्हणून मी बोलणार. गोड बोलेन असं मात्र समजू नका. माझ्याबाबतीत जे झालं ते गोड नाही.

माझ्या जन्माची हकिगत अगदी थोडकी. पत्र्याची गोल चकती होती, वरून यंत्राचा दणका बसला आणि पातेलं झालं. गुलमंडीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात आम्ही भावंडं एकात एक बसून धूळ खात होतो. तिथून मला चंपाबाईनं उचललं.

चंपाबाई बोहारीण. हल्लीच्या पोरांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार हिंडायचं, घरातले जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. आणलेले कपडे ती धुवायची, उसवलेलं शिवायची, इस्त्री फिरवायची आणि शहागंजला फुटपाथवर मांडून विकायची. मजुरीवर जाणारा माणूस तिथं घासाघीस करून शर्ट घ्यायचा आणि स्वतःच्या कमाईचा म्हणून ताठ मानेनं घालायचा. या सगळ्याला कुणी समाजसेवा म्हणत नव्हतं. पोट भरणं म्हणायचे.

पाटीतली बाकीची भांडी पातळ पत्र्याची. दोन शर्ट टाकले की वाटी, जुना पडदा टाकला की चाळणी, असा त्यांचा भाव. मला मात्र चंपाबाईनं राखून ठेवलं होतं. "ह्याला तोलाचं गिऱ्हाईक पायजे," ती म्हणायची. मला त्याचा फार गर्व. पाटीतल्या वाट्यांशी मी धड बोलतही नसे.

तोलाचं गिऱ्हाईक म्हणजे मनकर्णाबाई. चिकलठाण्याच्या बाजूला सुखशांती कॉलनीत त्यांचा बंगला. गावाकडं जमीन, मुलगा कंपनीत, दारात गाडी. एवढं असून एका वाटीसाठी तासभर भांडायची त्यांची तयारी असे. सकाळची कामं उरकली की त्या पायरीवर येऊन बसायच्या, चंपाबाई पाटी उतरवायची, आणि दोघींचं सुरू व्हायचं. मनकर्णाबाई माझ्या बुडावर बोटाचं पेर आपटून बघायच्या.

"दोन साड्या घे अन् ठेव ते पातेलं."

"आक्का, दोन साड्यांत ह्याचं झाकण बी येत नाय."

"झाकण हाय कुठं? ते बी नाय तुझ्याकडं!"

"चार द्या. त्यात ती मोरपंखी पायजेच."

"मोरपंखी? माझ्या भावानं दिलेली हाय ती."

"मंग पातेलं बी भावालाच मागा."

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मग आतून चहा यायचा. चंपाबाईच्या गुडघ्याची चौकशी व्हायची, मनकर्णाबाईंच्या सुनेची गाऱ्हाणी व्हायची, आणि शेवटी सौदा मोडून चंपाबाई पाटी उचलायची. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. बघणाऱ्याला वाटावं, या दोघी एकमेकींच्या वैरी आहेत. पण चंपाबाईला त्या कॉलनीत कुणी नावानं हाक मारत असेल तर ती एकटी मनकर्णाबाईच.

अशा बऱ्याच खेपा झाल्यावर दसऱ्याच्या आसपास सौदा ठरला. चार साड्या, मोरपंखी धरून. "घर आवरताना काढून, धुऊन ठेवते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पातेलं आत्ताच ठिवून जाऊ का?" चंपाबाईनं विचारलं. "नको गं. इकडून साड्या, तिकडून पातेलं. फुकट नको मला काही." दोघींनी हातावर हात मारला. मी तर मनातल्या मनात मनकर्णाबाईंच्या शेगडीवर जाऊन बसलो. दूध कसं चढेल, साय किती जाड धरेल, याचाच विचार. गाजराची पुंगी मोडून खायचीही सोय नव्हती, पण मी वाजवत सुटलो होतो.

पुढच्या खेपेला कॉलनीच्या फाटकावर एक मोठा फलक लागलेला होता. चंपाबाईला वाचता येत नव्हतं. बंगल्याच्या दारात त्यावरचा मजकूर सांगितला तो मनकर्णाबाईंच्या सुनेनं, सायलीनं. कारण फलक तिचाच होता. कॉलनीतल्या लोकांनी 'ओंजळ' नावाचा क्लब काढला होता. कॉलनीतलेच एक आप्पासाहेब त्याचे अध्यक्ष, सायली सचिव. फलकाखाली कपडे टाकायला एक मोठी पेटी ठेवली होती, आणि वर लिहिलं होतं, 'जुने कपडे भांड्यांवर घालवू नका. गरजूंच्या अंगावर घाला.'

"मावशी, आम्ही आता कपडे देत नाही," सायली म्हणाली. "म्हणजे देतो, पण गरिबांना."

"मंग मी कोण हाय, ताई?"

"तसं नाही हो. तुम्ही ते विकता ना."

"इकू नाय तर काय शिजवून खाऊ?"

सायली वाईट पोरगी नव्हती, हे मी कबूल करतो. तिला खरंच वाटत होतं की आपण चांगलं करतोय. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. चंपाबाईनं तिच्या खांद्यावरून आत बघून हाक मारली, "आक्का, आपल्या चार साड्या?"

मनकर्णाबाई टीव्हीसमोर होत्या. त्या उठल्या नाहीत. "सूनबाईनं टाकल्या गं त्या पेटीत," आतूनच आवाज आला. "पुढच्या बारीला बघू."

पुढची बारी आलीच नाही. चांगल्या गोष्टीची लागण लवकर होते म्हणतात. या कॉलनीचं बघून शेजारच्या कॉलनीनं क्लब काढला, तिचं बघून तिसरीनं. जिथं तिथं पेट्या. वॉचमन लांबूनच हात हलवायचे. चंपाबाई सकाळी जेवढी भांडी घेऊन निघायची तेवढीच संध्याकाळी घेऊन यायची. कपडे नाहीत, तर शहागंजला मांडणार काय? तिची फुटपाथवरची जागा गेली. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

आणि त्या पेट्यांत काय पडत होतं म्हणता? बटणं कापून घेतलेले शर्ट. काठ काढून घेतलेल्या साड्या. एका पायाचे मोजे. चंपाबाईसमोर असं फडकं टाकायची कुणाची छाती नव्हती. ती उलटं करून, उन्हात धरून बघायची आणि जागच्या जागी परत करायची. पेटी बिचारी काही बोलत नाही. दान देणाऱ्याला त्यामुळं फार सोपं जातं.

संक्रांतीनंतर 'ओंजळ'वाल्यांनी कपडेवाटपासाठी वस्ती निवडली ती नेमकी चंपाबाईचीच. मंडप पडला, खुर्च्या आल्या, माईक आला. व्यासपीठावर आप्पासाहेब, सायली, आणि पाहुण्या म्हणून मनकर्णाबाई. टेबलावर कपड्यांचा ढीग. रांग लावायला माणसं शिट्या वाजवत होती. चंपाबाई आपल्या उंबऱ्यात बसून होती. ती रांगेला जाणार नव्हती. शेजारणींनी बोलावलं तर म्हणाली, "मला नाय लागत कुणाचं."

तेवढ्यात ढिगावर तिला मोरपंखी दिसली.

ती आत गेली. मला पाटीतून काढलं, पदरानं लख्ख पुसलं, काखेत धरलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं. नंबर आल्यावर तिनं मला टेबलावर ठेवलं.

"हे घ्या पातेलं. आमचा सौदा ठरलेला हाय. त्या चार साड्या द्या."

सायली गोंधळली. "मावशी, इथं काही द्यावं लागत नाही. हे फ्री आहे. एकाला एकच."

"मला फिरी नको. माझ्या चार द्या, अन् तुमचं पातेलं घ्या."

आप्पासाहेबांना अर्धंच ऐकू गेलं, आणि त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, माईक जवळ ओढला. "बंधू-भगिनींनो, बघा! घ्यायला आलेल्या या माउलीनं स्वतःच्या घरातलं पातेलं दान दिलंय! ज्यांच्याकडं काही नाही, त्यांचंच मन मोठं असतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला पुढं आला. कुणीतरी मोरपंखी चंपाबाईच्या हातात कोंबली, मला तिच्यासमोर धरलं. मी हातोहात मागं सरकत व्यासपीठावर पोचलो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं ते असं.

"अवो, दान नाय ते!" चंपाबाई ओरडली. "सौदा हाय! इचारा आक्काला!"

सगळ्यांनी मनकर्णाबाईंकडं बघितलं. एक शब्द पुरे होता. 'व्हय, ठरला होता सौदा,' एवढंच. मी त्यांच्या पायाशी होतो. त्यांचं तोंड उघडलेलं मी बघितलं. पण समोर मंडप होता, माणसं होती, सून होती. त्या वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घे गं चंपे. फुकट मिळतंय तर कशाला भांडतीस?"

"आक्का, भांडायालाच तर तुमच्या दारात येत व्हते," चंपाबाई म्हणाली. "फुकट घ्यायाला कधी आले का?"

मनकर्णाबाई मंडपाच्या झालरीकडं बघत राहिल्या.

चंपाबाईनं मोरपंखीची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "मंग माझं पातेलं द्या."

"मावशी, दिलेलं दान परत मागू नये," आप्पासाहेब हसत म्हणाले. "लोक काय म्हणतील?" शिट्टीवाल्यानं तिला दंडाला धरून बाजूला केलं, कारण मागं रांग खोळंबली होती. ती गेली. साडी नाही, पातेलं नाही. तिच्याच वस्तीतून, तिच्याच शेजारणींसमोरून ती मान खाली घालून गेली, आणि मी टाळ्यांच्या मानकऱ्यासारखा वर बसून होतो. मला हात नाहीत याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

उरलेले कपडे बरेच दिवस एका खोलीत पडून राहिले. त्यांना ओल लागली, मग कंपन्यांत यंत्रांचं तेल पुसायला त्यांच्या चिंध्या झाल्या. मोरपंखी कुणाला गेली मला कळलं नाही. मला मात्र क्लबच्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवलं, चषकांच्या शेजारी. खाली पट्टी चिकटवली, 'एका गरीब मातेचं दान'. आलागेला ती वाचायचा, डोळे ओले करायचा आणि पुढं चहा घ्यायचा.

एक दिवस मनकर्णाबाई सुनेबरोबर तिथं आल्या. कपाटापाशी थांबल्या, काच सरकवली, आणि माझ्या बुडावर पेर आपटलं. मला वाटलं, आता तरी या बाईला काही आठवेल.

"बूड काय जाड हाय ह्याचं," त्या म्हणाल्या. "इथं नुसतं पडून हाय. नेऊ का घरी? आपलं दुधाचं पातेलं गळायलंय."

"न्या की आई," सायली म्हणाली. "फोटो आहेच आपल्याकडे."

पट्टी नखानं खरवडून काढली, मला पिशवीत घातलं, आणि मी सुखशांती कॉलनीत आलो. आता रोज सकाळी शेगडीवर असतो. दूध छान तापतं, साय जाड धरते. शेजारीण परवा विचारत होती, केवढ्याला घेतलं म्हणून. मनकर्णाबाई म्हणाल्या, "घेतलं कुठं? असंच मिळालं." आणि मग सहज, ओटा पुसता पुसता, "ती चंपा बोहारीण होती बघ, ती आता मंगल कार्यालयात खरकटी भांडी घासते म्हणं. कधी आली तर एखादी साडी काढून ठेवलीय मी तिच्यासाठी."

नका ठेवू. या घरात माझं तोंड कुणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ती कुठं भेटली, तर तिला साडी देऊ नका. दया तर मुळीच करू नका. पायरीवर बसवा, चहा द्या, आणि तिच्याशी मन भरेपर्यंत भांडा. या घरात फुकट कुणी घेतलं असेल, तर ते तिनं नाही.