स्टेशनवर गेलेल्या बंड्या

मुखरूची मनकर्णा ज्या साली नवऱ्याघरी गेली, त्याच साली चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. साल छप्पन. पोरीचं लग्न वैशाखात झालं, जिल्ह्याचं ऐन दिवाळीत. मुखरूची बायको गुणाबाई दिवे लावता लावता म्हणाली, "पोरगी गेली तवा पाया पडून, रडून तरी गेली. हा जिल्हा गेला तो कोनाले पुसून गेला?"

मुखरू हसला. त्याला वाटलं, राज्य नागपुरातून चालो का मुंबईतून, आपलं काय जातं? धान तेच, बॉयलर तोच. पण त्या बदलाची धग मूल गावात पहिल्यांदा लागली ती फुटबॉलला, आणि फुटबॉलला लागली म्हणजे मुखरूलाच लागली.

मुखरू राइस मिलच्या बॉयलरवर कामाला होता. भोंगा त्याच्या हातात. कामाच्या दिवशी भोंगा मजुरांसाठी वाजे, आणि सामना असला की रविवारी दुपारी आणखी एकदा, लांबलचक. मिलच्या शेटजींना खेळाचं वेड, म्हणून तेवढी वाफ ते देत. तो आवाज पार राजोली-मारोड्यापर्यंत जाई. ऐकला की माणसं बैल जुंपत. बायका, म्हातारे, लेकरं, सारे बैलबंडीत. मैदानाला ना भिंत ना कुंपण. बंड्याच चहूबाजूंनी एकाला एक लावून उभ्या करायच्या, बैल सोडून मागं बांधायचे, आणि बंडीवर बसून सामना पाहायचा. चेंडू बाहेर गेला की बंडीच्या चाकाला लागून परत येई. बाहेरगावची टीम पहिल्यांदा आली की त्या वेढ्याकडं पाहूनच तिची निम्मी हवा जाई.

टीम वहाबभाईंची. वहाबभाई जातीचे तांबट नव्हेत, पण कल्हईचं काम करत. उमेदीच्या वयात नागपूरला फौजी लोकांत खेळून आले होते आणि येताना एक चेंडू घेऊन आले. त्या एका चेंडूवर त्यांनी पोरं तयार केली. त्यांचा पुतण्या नईम, शिंपी, तो गोलवर उभा राही. जंगलाच्या कडेच्या टोल्यावरचा, लहानशा वस्तीवरचा, जंगू नावाचा गोंडाचा जवान पुढं खेळे, अनवाणी. त्याच्या पायात चेंडू आला की बंड्यांवरची माणसं आपोआप उभी होत. वहाबभाई म्हणत, "खेलनेवाले ग्यारा, मुखरू, पन जितानेवाले बंडीवर बसून राह्यते."

ही टीम सालोसाल रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया अशा गावांच्या टीमांशी लीगमध्ये खेळे. राज्य बदललं आणि ती लीग फुटली. रायपूरवाले म्हणाले, तुम्ही आता मुंबईकडचे, तिकडंच खेळा. नागपूरची मंडळी म्हणाली, आमच्याकडं आधीच टीमा भरपूर, चांदा जिल्ह्यातून एकच घेऊ. त्या एका जागेवर दोन टीमा टपलेल्या. एक मूलची, दुसरी घुग्घुसकडच्या कोळसा खाणीची टीम. खाणवाल्यांकडं बूट, बनियनी, नोकऱ्या, सगळं. मूलकडं बंड्या.

कापड आणायला गेलेला नईम ही बातमी नागपुराहून घेऊन आला. "चाचा, ते म्हनतेत खेळ तुमचा चांगला हाये. पन जिथी पब्लिक जमन तिथीच लीग देऊ. माघात एका रविवारी एक साहेब येनार पाहाले."

वहाबभाईंनी कल्हईचा पोतेरा खाली ठेवला. "मंग त काय चिंता नाई," ते म्हणाले. "बूट त्यांचे, पब्लिक आपली."

त्या दिवसापासून मुखरूच्या अंगात आलं. रोज पाळी संपली की तो एकेका गावाला जाई. गुणाबाई चिडली. "पोरीच्या लग्नाचं आवतन द्याले येवडा हिंडला नाई गा तू!"

"पोरीले एक नवरा पाह्यजे होता," मुखरू म्हणाला. "टीमले सारं गाव पाह्यजे."

"आन् मले?"

"तुले काय, तू आहेसच."

"आहेच ना बाप्पा. चूल कुठी पळते!" असं म्हणून तिनं शिदोरी बांधूनही दिली.

सामन्याच्या आदल्या हप्त्यात राजोलीला आंब्याखाली बैठक बसली. आसपासच्या गावांचे म्हातारे जमले. वहाबभाई, नईम आणि मुखरूही गेले. सारं ठरलं, कोण कुठं बंडी लावणार, कोणाची दफडी वाजणार. मग लटारू पाटील बोलायला उठला. वयानं मोठा, त्याचा शब्द कोणी मोडत नसे.

"साहेब कशानं येनार?"

"रेल्वेनं येईन," नईम म्हणाला. "दुपारच्या गाडीनं. दुसरं काय आहे?"

"मंग त्याले आनाले कोन जानार?"

"मी जातो ना सायकल घेऊन."

लटारू पाटील खो खो हसला. "आयका! येवडा नागपूरचा पाहुना, आन् त्याले आनाले शिंपी जाईन सायकलवर! आपन मैदानात पाय पसरून बसून राहाचं! अरे, नवरदेव येते तवा आपन शिवेवर जातो का नाई? दंडार नाचाले मंडळी आली त दफडी घेऊन पुढं जातो का नाई? साऱ्यानं स्टेशनवर जाचं. तिथून वाजत गाजत आनाचं. पब्लिक पाहाची आहे ना त्याले? गाडीतून उतरल्याबरोबर पाहीन!"

सगळ्यांना पटलं. पाहुणा आपल्या पायानं चालत आला तर तो गावाचा कमीपणा, हे त्या पट्ट्यात लहान लेकरालाही कळे.

वहाबभाई मात्र पुढं सरकले. मग हळू म्हणाले, "पाटीलभाऊ, मान आपला खरा. पन पहले मैदान भरू द्या. आधे लोग तरी बसू द्या."

"आधे कोन बसन?" एकजण म्हणाला. "आमी नाई बसत. मंग म्हनतीन, राजोलीवाले आले नाई."

"मारोड्यावाले काय उष्टे आहेत का?" दुसऱ्यानं लगेच सुनावलं.

वहाबभाईंनी मुखरूकडं पाहिलं. मुखरूच्या डोळ्यांसमोर स्टेशनच्या फलाटावर उभी असलेली ती सारी माणसं आली, दफड्यांचा गजर आला, साहेबाचं उघडं पडलेलं तोंड आलं. तो म्हणाला, "वहाबभाऊ, पाटील बरोबर बोलून राह्यले. येऊ द्या साऱ्याइले." वहाबभाई म्हणाले, "बरं बाबा. तुम्ही म्हनता तसं."

रविवार उजाडला. मुखरूनं सकाळीच बॉयलरला जाळ घातला. साहेबाला घेऊन आलो की मैदानात शिरता शिरता भोंगा द्यायचा, असा त्याचा बेत. भोंग्याची साखळी तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. एकदा कोण्या हमालानं गमतीत ओढली होती, तर रोवणीच्या चिखलातून बाया धावत आल्या होत्या. तेव्हापासून साखळीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली मुखरूच्या करदोड्याला. शेजारच्या आगवाल्याला जाळाचं सांगून, खोलीला कुलूप लावून तो निघाला.

स्टेशन गावाबाहेर. रस्ताभर बंड्याच बंड्या. बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा, जुवांना आंब्याचे डहाळे. महाशिवरात्र जवळ आली होती, त्यामुळे काहींनी मार्कंड्याच्या जत्रेसाठी काढलेले कपडेच घातले होते. फलाटावर पाय ठेवायला जागा उरली नाही. स्टेशनमास्तर खोलीतून बाहेर आला, पुन्हा आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, "गाडीले वेळ आहे. नागभीडवरून सुटली नाई अजून."

"बसू," लटारू पाटील म्हणाला. "पाहुन्याची वाट पाह्यनं का नवीन आहे!"

दफडीवाल्यांनी दफडी तापवली. ती थंड झाली, पुन्हा तापवली. ऊन कलायला लागलं. मुखरूच्या मनात एकदा आलं की सामन्याची वेळ होत आली, भोंगा द्यायला जावं. मग वाटलं, साहेबच इथं नाही तर भोंगा कोणासाठी?

आणि साहेब तिकडं मैदानात उभा होता.

तो दोन दिवस आधीच जंगलातल्या बंगल्यावर कोणा मित्राकडं येऊन राहिला होता. तिथून जीपनं, आतल्या रस्त्यानं, वेळेवर मैदानात उतरला. मैदानात मूलची आणि बाहेरगावची अशा दोन्ही टीमा, वहाबभाई, फुटाणे विकणारी खातूनबी आणि एक मोकाट गाय. चारी बाजूंनी उघडं रान. साहेब घड्याळ पाहून म्हणाला, "सुरू करा."

वहाबभाईंनी हात जोडले. "हुजूर, थोडा रुका. लोग स्टेशन गेले आपल्याले आनाले. सारा मुलुख गेला."

साहेब चांगला माणूस होता म्हणतात. हसला. "मला आणायला? मी तर इथं आहे." त्याला ती सबब वाटली असावी. भोंगा दिला तर माणसं परततील म्हणून वहाबभाई मिलकडं धावले. बॉयलर फुसफुसत होता, वाफ भरलेली होती, आणि खोलीला कुलूप. त्या वयात त्यांनी दारावर खांदा मारला. सागाचं दार हललंही नाही. मग त्यांनी नईमला सायकलवर स्टेशनकडं पिटाळलं. गोलवर दुसरंच कोणी उभं करून सामना सुरू झाला.

स्टेशन लांब, त्यात रस्ताभर उभ्या बंड्या. सायकल ढकलत ढकलत नईम पोचला तेव्हा गाडी शिट्टी देत फलाटात शिरत होती. दफड्या एकदम कडाडल्या. त्या गजरात तो काय ओरडतो ते कोणाला ऐकू जाईना. गाडीतून एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं आणि एवढं स्वागत पाहून गांगरून उभं राहिलं. लटारू पाटलानं नवरदेवाच्या बापाच्या गळ्यात हारही घातला. तेव्हा नईमनं मुखरूचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेलं.

मुखरूचा हात करदोड्यावर गेला. किल्ली तिथंच होती, अंगाच्या घामानं गरम झालेली.

तो पळत सुटला. मागं बंड्या वळल्या. पण एवढ्या बंड्या एका अरुंद वाटेवर वळायच्या म्हणजे चाकात चाक अडकणारच. मुखरू बंड्यांच्या मधून वाट काढत होता, तेवढ्यात समोरून धूळ उडवत जीप आली. पुढचा बंडीवाला भला माणूस. सरकारी गाडी दिसल्यावर त्यानं बैल बाजूला घेतले. मागच्यांनीही घेतले. सगळ्यांनी मिळून जीपला नीट वाट करून दिली. कोणी रामराम केला. मुखरूनंही धापा टाकत, सवयीनं हात कपाळाला लावला. आत बसलेल्या माणसानं हात हलवला आणि जीप नागपूरच्या रस्त्याला लागली.

पुढं त्या जीपचा ड्रायव्हर मूलला आला तेव्हा त्यानं सांगितलं. साहेबानं विचारलं होतं, एवढी माणसं कुठं चालली? ड्रायव्हर म्हणाला, मार्कंड्याच्या जत्रेले असतीन. साहेब म्हणाला, पाहा, जत्रेला माणूस आहे, फुटबॉलला नाही.

मुखरू मैदानात आला तेव्हा सामना संपला होता. मूलची टीम जिंकली होती. जंगूनं मारलेले गोल पाहायला गाय आणि खातूनबी होती. वहाबभाई गोलच्या खांबाला टेकून बसले होते, खांदा धरून. मुखरूनं त्यांच्यासमोर किल्ली ठेवली. 

"उठाव ती," वहाबभाई म्हणाले. "बॉयलर देख जाके. वाफ जास्ती झाली असन."

मागून एक एक बंडी येत गेली आणि नेहमीच्या सवयीनं मैदानाभोवती लागत गेली. अंधार पडेपर्यंत वेढा पुरा झाला. कोणी कोणाला दोष दिला नाही. लटारू पाटील बंडीतून उतरलाच नाही.

नईम आणि मुखरू पुढच्या आठवड्यात नागपूरला गेले. तिथल्या बाबूनं सारं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसं होती, तर मैदानात का नव्हती?" ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते नागपूरच्या टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. मुखरू पागोटं सावरत बाहेर आला. लीग खाणवाल्यांना मिळाली.

पावसाळ्याआधी खाणीच्या टीमचा माणूस जंगूला नोकरी देतो म्हणून आला. जंगू वहाबभाईंच्या दारात येऊन नुसता उभा राहिला.

"जाय ना," वहाबभाई म्हणाले. "इथी कोनासंग खेळतेस? माझ्यासंग?"

"तिथी बंड्या नसतीन," जंगू म्हणाला.

"बूट राहीन ना बाबा."

जंगू गेला. मागोमाग आणखी दोघं गेले. लीग नाही म्हटल्यावर शेटजींनीही रविवारची वाफ बंद केली. तरी काही दिवस थोड्या बंड्या रविवारी येत. रिकाम्या मैदानाभोवती लागत. माणसं शिदोरी खात, जंगूच्या जुन्या गोलांवरून भांडत, आणि बैल जुंपून परत जात. मग रोवणी आली, कापणी आली. पुढच्या साली तिथं मिलचं धान वाळू लागलं.

वहाबभाईंचा खांदा काही नीट झाला नाही. पुढं खोकला लागला, मग कल्हईची भट्टी बंद झाली. मुखरू रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसे. एका रविवारी दुपारी त्यांना ताप होता. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "मुखरू, बंड्या लागल्या का?"

"लागल्या ना, वहाबभाऊ."

"किधर तक?"

"साऱ्या बाजूनं. राजोलीवाले आले, मारोड्यावाले आले. उभं राहाले जागा नाई."

वहाबभाईंनी दाराकडं कान लावला. मग म्हणाले, "झूट बोलतेस. बैलाच्या घंट्या कुठी ऐकू येते?"

मुखरूनं त्यांच्या पायावरची गोधडी सारखी केली. दुसरं करण्यासारखं त्याच्या हातात काही नव्हतं.

वहाबभाई एकोणसाठ सालच्या माघात, महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी, दुपारी वारले.