मरणाचा पहिला मान

“माणूस जातो, वास्तू राहते,” असं विमा एजंट योगेंद्रने दहिवलीत सहदेवच्या नव्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, आणि ओल्या सिमेंटात त्याची चप्पल रुतली. चप्पल निघाली, ठसा राहिला.

घराचं कर्ज सहदेव आणि त्याचा लेक अक्षय या दोघांच्या नावावर होतं. विमा मात्र एकाचाच परवडत होता.

“हप्ता अक्षयच्या पगारातून जाणार, तर विमाही अक्षयचाच काढा,” योगेंद्र म्हणाला. “उद्या काही झालं तर विमा कर्ज फेडेल, घर वाचेल.”

सहदेवच्या बायकोने, अंबाबाईने, पुढे केलेला चहाचा कप मागे घेतला. “वास्तुशांतीच्या आधी तरण्या पोराच्या मरणाचे कागद करतोस? तुला काय वाटतं का नाय रं?”

“काकू, कागद केल्यानं कोणी मरत नाही.”

“मग यांचे कर.” तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. “रीतीनं पयले हेच जाणार.”

सहदेवला यात वावगं वाटलं नाही. घरात पहिलं ताट त्याचं, दारावर पहिलं नाव त्याचं, तेव्हा मरणाचा पहिला मानही त्याचाच. अक्षय हसला. “बाबांच्या पुढं मी कसा जाईन?” त्याची बायको सोनालीही हसली. सहदेवने सही केली, तेव्हा कुठे योगेंद्रला चहा मिळाला.

तीन वर्षांनी कुंभिवलीच्या कारखान्यातून घरी येताना शिळफाट्याजवळ अक्षयची मोटारसायकल ट्रकखाली गेली. ट्रकवाल्याला रीत ठाऊक नसावी.

तेराव्यानंतर योगेंद्र आला. ओट्यावर पाहुणे बसले होते.

“विमा चालू आहे,” तो आपल्याच चपलेच्या ठशाकडे बघत म्हणाला. “काकांचा.”

सगळे सहदेवकडे वळले. इतक्या माणसांनी एकदम त्याच्याकडे पाहण्याची ही दुसरी वेळ. पहिली लग्नातली.

“म्हंजे मी गेलो तर घर सुटंल?” सहदेवने विचारलं.

“काका, असं नका बोलू.”

“इचारतोय फक्त.”

“सुटेल.”

पाहुण्यांनी जाताना त्याच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी केली.

सहदेव तोवर निवृत्त झाला होता आणि त्याला मधुमेह जडला होता. सोनाली कुंभिवलीत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. तिचा पगार हप्त्याला पुरेना. बँकेच्या माणसाने भिंतीवर जप्तीची नोटीस डकवली, आणि डिंक कमी पडला म्हणून अंबाबाईकडेच भाताची खळ मागितली.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईला मागीलदारी अळवाच्या वाफ्यात नवऱ्याच्या गोळ्या सापडल्या.

“अळवात कशाला टाकता?”

“त्यालाबी साखर झालीय.”

संध्याकाळी तिने सुनेला सांगितलं.

सोनालीने चहा आणला. नेहमीसारखा, बिनसाखरेचा. कपाशेजारी गोळी ठेवून ती समोर बसली.

“घर गेलं तर भाड्यानं राहू, बाबा. घर भाड्यानं मिळतं. माणूस नाय मिळत. आता माझ्यासमोर घ्या.”

सहदेवने भिंतीवरच्या नोटिशीकडे पाहिलं, मग दारावरच्या नावांकडे. पहिलं त्याचं होतं, दुसरं अक्षयचं. त्याने गोळी उचलली, तोंडापर्यंत नेली आणि परत बशीत ठेवली. मग कप तिच्यापुढे सरकवला.

“सोनाली, दोन चमचे साखर घाल गं यात.”